आधी आरशाची पाठ पाहा

जुना फ्रेंच सोनेरी आरसा घ्यायला निघालेला माणूस विक्रेत्याला हमखास एक प्रश्न विचारतो: हा किती जुना आहे? प्रश्न सरळ वाटतो, पण या व्यवहारातली बहुतेक फसगत इथूनच सुरू होते, असं माझं मत आहे. भिंतीवरचा आरसा ही एक वस्तू नसते. लाकडी चौकट, तिच्यावरचा सोन्याचा मुलामा, मधली काच आणि मागच्या फळ्या अशा चार गोष्टी तिथे एकत्र आलेल्या असतात आणि चौघींचं वय एकच असेल याची काही खात्री नसते. चौकट १७७० ची, मुलामा १९६० चा, काच गेल्या वर्षीची आणि फळ्या कुठल्याशा मोडलेल्या कपाटाच्या, असा आरसा बाजारात सर्रास असतो. तो अठराव्या शतकातला म्हणून विकणारा माणूस धडधडीत खोटंही बोलत नसतो, कारण त्यातलं काहीतरी अठराव्या शतकातलं असतंच. म्हणून प्रश्न वेगळा हवा. यातलं नेमकं काय जुनं आहे, ते एकमेकांबरोबर कधीपासून आहे आणि हे मला लिहून कोण देणार? पुढचं सगळं विवेचन या तीन प्रश्नांची उत्तरं मिळवण्याबद्दल आहे.

फ्रेंच बाजारात काही प्रकार वारंवार भेटतात. दोन खिडक्यांमधल्या किंवा शेकोटीवरच्या भिंतीसाठी केलेला उभट 'त्र्यूमो', ज्याच्या वरच्या भागात चित्र किंवा कोरीव फलक असतो आणि खाली काच. सोळाव्या लुईच्या काळातला सरळ रेषांचा आरसा, माथ्यावर फुलांची परडी, कबुतरं किंवा फितीची गाठ कोरलेला. १८३० ते १८४८ या लुई-फिलिपच्या कारकिर्दीत रूढ झालेला, वरचे कोपरे गोलसर आणि खालचे काटकोनी असा साधा, देखणा आरसा. आणि तिसऱ्या नेपोलियनच्या, म्हणजे १८५२ ते १८७० च्या काळातला, माथ्यावर भरगच्च नक्षीचा. ही धाटणी ओळखता आली की वय कळलं असं वाटायला लागतं, आणि तिथेच घात होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या कारखान्यांनी पंधराव्या आणि सोळाव्या लुईच्या काळातली नक्षी मोठ्या प्रमाणावर पुन्हा काढली. लुई-फिलिप धाटणीचे आरसे तर त्या राजाची गादी गेल्यावरही अनेक दशकं बनत राहिले आणि आजही बनतात. वस्तू याहून जुनी असू शकत नाही, एवढंच नक्षी सांगते. नवी ती कितीही असू शकते.

काचेचा इतिहास मात्र काही पक्क्या मर्यादा घालून देतो. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात उत्तम आरसा म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा. ही मक्तेदारी मोडण्यासाठी चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानं १६६५ मध्ये पॅरिसला राजाश्रयाखाली आरशांचा कारखाना काढवला. पण तिथेही काच फुंकून, चिरून, सपाट करून घासावी लागे, त्यामुळे तावदानाचा आकार बेताचाच राही. व्हर्सायच्या आरसेमहालाचं काम १६७८ ते १६८४ या काळात झालं. तिथल्या १७ कमानींत प्रत्येकी २१ याप्रमाणे ३५७ तावदानं जोडून बसवलेली आहेत, कारण युरोपातल्या सर्वांत ऐश्वर्यवान राजालाही कमानीएवढी अखंड काच मिळत नव्हती. वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतून मोठं तावदान करण्याची रीत त्यानंतर आली आणि १६९० च्या दशकात पिकार्दी प्रांतातल्या सँ-गोबाँ या गावी तिचं बस्तान बसलं. आज भारतातही काच बनवणाऱ्या त्या नावाच्या कंपनीचं मूळ हेच. तरीही पुढच्या शतकभर मोठी अखंड काच फार महाग पडे, म्हणून अठराव्या शतकातल्या उंच त्र्यूमोंमध्ये अनेकदा दोन तावदानं एकावर एक बसवलेली दिसतात. तेव्हा पुरुषभर उंचीची एकसंध काच १६८० च्या आसपासची म्हणून कोणी दाखवत असेल, तर निदान ती काच तरी त्या काळातली नाही असं धरूनच पुढची बोलणी करावीत.

मुलाम्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण किमतीचा मोठा भाग त्यात असतो आणि न भरून येणारं नुकसानही तिथेच झालेलं असतं. उत्तम फ्रेंच चौकटीवर पाण्याच्या रीतीनं केलेला मुलामा असतो. आधी लाकडाला सरस, मग सरसात कालवलेल्या खडूच्या भुकटीचे एकावर एक बरेच हात. या पांढऱ्या थरानं कोरीवकामाच्या कडा बुजतात, म्हणून तो वाळल्यावर बारीक हत्यारांनी नक्षी पुन्हा कोरून काढतात. पानाच्या शिरा, पाकळीची धार हे पुष्कळदा लाकडात नसतंच, ते या पांढऱ्या थरात असतं. त्यावर तांबड्या किंवा पिवळ्या चिकणमातीचा गुळगुळीत लेप, तो ओलावून त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीकाच्या घोटणीनं निवडक जागा घोटून आणलेली चकाकी. कुठे चमक ठेवायची आणि कुठे मंदपणा, हे कारागीर ठरवत असे, आणि दिवेलागणीला अशा चौकटीचं जे रूप दिसतं ते त्या निवडीमुळे. तेलाच्या चिकटीवर वर्ख लावण्याची दुसरी रीत सोपी आहे, पण तो मुलामा घोटता येत नाही. लुई-फिलिप आरशांत तिसरा प्रकारही भेटतो: चांदीचा वर्ख लावून त्यावर पिवळसर वार्निश, म्हणजे सोन्याचा भास. तो त्याच काळातला असेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण सोन्याच्या वर्खाच्या भावानं तो घेऊ नये.

या नाजूक कामाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग. वर्ख झिजला, टवका उडाला की ब्रश घेऊन हा रंग फासायचा, हा उद्योग घरोघरी आणि दुकानोदुकानी झालेला आहे. सुरुवातीला तो झळाळतो, मग काळवंडून तपकिरी, कधी हिरवट होतो. तो ओळखायचा तर तिरका टॉर्च धरावा. रंग कणीदार दिसतो, खोलगट भागात साचलेला असतो आणि ब्रशच्या रेघा सोडतो. खऱ्या वर्खात कण दिसत नाहीत. त्याचे छोटे चौकोन एकमेकांवर चढतात तिथे ठरावीक अंतरानं पुसट रेघ दिसते, आणि झिजलेल्या उंचवट्यांतून खालची तांबडी माती डोकावते. मात्र ही तांबडी झाक पाहून हुरळून जाऊ नये, कारण नव्या चौकटीवर ती मुद्दाम घासून काढतात. खरी झीज जिथे पिढ्यान्‌पिढ्या झाडणीचं फडकं पोहोचलं तिथे जास्त असते, आणि वरच्या कोपऱ्यातल्या खोल पानात जवळजवळ नसते. धुळीचंही तसंच. धूळ वरच्या बाजूला बसते, पानाच्या खालच्या अंगाला नाही. 'जुनेपणाचा' तपकिरी थर वर, खाली, आत, बाहेर सारखाच असेल, तर तो शतकांनी चढलेला नाही, डब्यातून आलेला आहे.

आता काच. जुन्या काचेच्या मागे चांदी नसे. कथिलाचा पातळ पत्रा मेजावर पसरून त्यावर पारा ओतत, काच त्यावर सरकवत आणि वर वजनं ठेवून जादा पारा बरेच दिवस निथळू देत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या प्रयोगांतून निघालेली चांदीची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत रुळली आणि शतक संपेपर्यंत पाऱ्याची रीत मागे पडली. म्हणून सोळाव्या लुईच्या चौकटीत चांदीची काच दिसली की ती बदललेली किंवा मागून पुन्हा चढवलेली आहे, हे नक्की समजावं. पारा-कथिलाच्या आरशातली प्रतिमा किंचित निळसर, करडी आणि थंड असते. तो खराब होतो तेव्हा त्यात चमचमते करडे ठिपके पडतात. चांदीचा आरसा कडांकडून काळपट-तपकिरी होत जातो. पेन्सिलीचं टोक काचेला टेकवून त्याच्या प्रतिबिंबातलं अंतर पाहायचं आणि अंतर कमी म्हणजे काच जुनी, असा एक उपाय सगळीकडे सांगितला जातो. त्यावर मी फारसा विसंबणार नाही. त्यातून फक्त काचेची जाडी कळते, आणि ओतीव जुनी काच चांगली जाडही असते. लाटांचंही तेच. जुन्या काचेत प्रतिबिंब किंचित हलतं हे खरं, पण भरपूर हेलकावे खाणारी काच बऱ्याचदा जुनेपणाचं सोंग असते. कडेला उतार दिलेला असेल तर बोट फिरवून पाहावं. हातानं घासलेला जुना उतार बोटाला जेमतेम जाणवतो, यंत्राचा उतार धारदार असतो.

सर्वांत भरवशाचा पुरावा काच आणि पाठ यांच्या नात्यात सापडतो, आणि म्हणूनच आरसा भिंतीवरून उतरवायला लावणं हा खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे. मागच्या दोन फळ्यांमध्ये फट असते, तिथून हवा आणि दमट बाष्प आत जातं, आणि काचेवरची खराबी त्याच रेषेत पडते. समोरून दिसणारे डागांचे पट्टे मागच्या फटींशी जुळत असतील, तर ती काच आणि त्या फळ्या दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या आहेत. पारा वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरतो, त्यामुळे खालची कड जास्त बिघडते. हा बिघाड उजव्या किंवा डाव्या कडेला दिसला तर ती काच एके काळी वेगळ्या दिशेनं उभी होती, म्हणजे दुसऱ्या चौकटीतून आली असण्याचा संभव आहे. ॲसिडनं मुद्दाम डागाळलेल्या काचेत डाग सगळीकडे सारखे विखुरलेले असतात आणि त्यांचा मागच्या कशाशीच मेळ लागत नाही. लाकडाकडेही असंच पाहावं. गोल वळणाच्या करवतीच्या खुणा म्हणजे यंत्राची करवत. प्लायवूड म्हणजे विसावं शतक. घुणाची भोकं गोल आणि आत शिरणारी असावीत. पृष्ठभागावर आडवे, उघडे पडलेले चर दिसत असतील, तर किडकं जुनं लाकूड नंतर चिरून, रंधून नवी वस्तू केलेली आहे. चौकटीच्या कोपऱ्यांवर नजर ठेवावी. अठराव्या शतकातल्या चांगल्या कामात चौकट जोडून झाल्यावर कोरली जाई आणि मग तिला मुलामा दिला जाई, त्यामुळे नक्षी सांध्यावरून अखंड वळते. पान मध्येच कापलं गेलं असेल तर मोठी चौकट, कदाचित चित्राची, कापून लहान केलेली आहे. आणि दोन फुलं अगदी एकसारखी, त्याच जागी तोच ओरखडा घेऊन बसलेली असतील, तर ती कोरलेली नसून साच्यात ओतून चिकटवलेली आहेत. तिसऱ्या नेपोलियनच्या काळासाठी ते स्वाभाविक आहे, पंधराव्या लुईच्या काळातलं कोरीवकाम म्हणून मात्र नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मला दिवाणखान्याला शोभा हवी आहे, संग्रहालय थाटायचं नाही, मग ही तपासणी कशासाठी? आक्षेप रास्त आहे. शोभेसाठी घेणाऱ्यानं विसाव्या शतकातली चांगली प्रतिकृती खुशाल घ्यावी, त्यात उणेपणा नाही. पण ती प्रतिकृतीच्या दरानं घ्यावी. शोभेचा हेतू असणाऱ्यांनाच या बाजारात सर्वांत जास्त पैसे मोजावे लागतात, कारण ते वयासाठी पैसे देतात आणि वय तपासत नाहीत. शिवाय नुकसान खिशापुरतं राहत नाही. आपल्याकडे काय आहे हे माहीत नसलेला मालक अस्सल जुन्या चौकटीवर सोनेरी रंग मारून घेतो, डागाळली म्हणून पारा-कथिलाची दोनशे वर्षांची काच काढून नवी बसवतो. तो नीट जपण्याच्याच इच्छेनं हे करत असतो, आणि ते परत फिरवता येत नाही.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. चांगला, नावाजलेला विक्रेता गाठला की एवढं पुरे, असं पुष्कळ जण म्हणतात. चांगला विक्रेता मिळणं हे भाग्यच आहे, पण ज्ञान आणि प्रतिष्ठा एवढ्यावर विसंबून चालत नाही. अठराव्या शतकातल्या म्हणून खुद्द व्हर्सायच्या राजवाड्यानं विकत घेतलेल्या काही खुर्च्या आधुनिक बनावटी असल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. त्यात त्या काळच्या फ्रेंच खुर्च्यांचा एक नामवंत अभ्यासक आणि एक निष्णात लाकूड-कोरक सामील होते, आणि २०२५ मध्ये फ्रेंच न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. जिथे राष्ट्रीय संस्था चकली तिथे आपण केवळ शब्दावर जाणं धोक्याचं आहे. सुदैवानं फ्रेंच कायदा खरेदीदाराच्या हातात एक चांगलं साधन देतो. ३ मार्च १९८१ च्या सरकारी आदेशानुसार, खरेदीदारानं मागितल्यास विक्रेत्याला वस्तूचं स्वरूप, घडण, उगम आणि वय नमूद केलेली पावती द्यावी लागते. वस्तूच्या नावापुढे नुसता काळ लिहिला, म्हणजे सोळाव्या लुईचा काळ, तर ती खरोखर त्या काळात बनली याची हमी ठरते, आणि काही भाग नंतरचा असेल तर तसं खरेदीदाराला सांगणं बंधनकारक आहे. पण सोळाव्या लुईची शैली एवढंच लिहिलं, तर वयाची कसलीही हमी नसते. तोंडी बोलताना काळ आणि पावतीवर शैली, हा फरक पैसे देण्याआधी पकडावा. माझा आग्रह असा की पावतीवर चौकट, मुलामा, काच आणि पाठ यांचा वेगवेगळा उल्लेख करून घ्यावा. ज्याला खात्री आहे तो विक्रेता चार ओळी जास्त लिहायला कुरकुरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दोनशे वर्षांत दुरुस्ती न झालेला आरसा असतो तरी कुठे? इतका काटेकोरपणा केला तर काहीच घेता येणार नाही. हे मला मान्य आहे, आणि दुरुस्तीला माझा विरोधही नाही. तुटलेलं पान पुन्हा कोरून बसवलं, उडालेल्या टवक्यापुरता खडूचा थर भरून वर्ख लावला, तर ती त्या वस्तूची सेवाच आहे. पैठणीचा जुना पदर नव्या अंगाला जोडून कोणी सांगून विकला तर ती साडी ज्याची त्याला आवडेल. न सांगता विकला तर प्रश्न उभा राहतो, आणि पदर विरला म्हणून सगळीच साडी रंगवून टाकली तर ती गेलीच. आरशातही हीच उतरंड धरावी: जुना मुलामा झिजलेला का असेना, अखंड नव्या मुलाम्यापेक्षा त्याला अधिक मोल द्यावं, स्थानिक दुरुस्ती चालेल, सोनेरी रंग फासलेला असेल तर खालचं सोनं शाबूत आहे का हे मुलाम्याच्या जाणकाराकडून तपासून, तो काढण्याचा खर्च धरूनच भाव करावा. काच बदललेली असेल तर घेऊच नये असं नाही, पण तो चार भागांतला एक भाग गेलेला आरसा आहे, आणि किमतीत ते दिसायला हवं.

पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात विक्रीपूर्वी वस्तू जवळून पाहता येतात. सँ-तुआँचा जुना बाजार किंवा प्रोव्हान्समधलं लिल-सुर-ला-सोर्ग इथेही हात लावून पाहता येतं. मुंबई-पुण्यातून इंटरनेटवर बोली लावणाऱ्याला ही सोय नाही, आणि छायाचित्रं नेहमी समोरूनच काढलेली असतात. म्हणून पाठीचं पूर्ण छायाचित्र, चारही कोपऱ्यांची जवळची, तिरक्या उजेडात मुलाम्याची आणि खालच्या कडेची काच दिसेल अशी, एवढी मागवल्याशिवाय बोली लावू नये. ती न देणाऱ्याकडून घेऊ नये, भाव कितीही मोहात पाडो. लिलावात हातोडी पडते त्या आकड्यावर खरेदीदाराचं शुल्क, लाकडी पेटी, विमा आणि जहाजभाडं चढतं, आणि मोठ्या आरशाच्या बाबतीत ते सगळं मिळून वस्तूच्या किमतीशी स्पर्धा करतं. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर युरोपीय सोनेरी चौकटी मिळतात, तिथेही कसोट्या याच. फक्त पाऊस पाहिलेल्या चौकटींवर सोनेरी रंगाचा संशय थोडा अधिक घ्यावा.

पावसाळ्याची गोष्ट खरेदीआधी विचारात घ्यायची आहे. सरस आणि खडूचा थर दमटपणानं फुगतो, वातानुकूलित खोलीत आकसतो, आणि या खेचाखेचीत वर्खासकट पापुद्रे सुटतात. मुंबई किंवा कोकणात असा आरसा पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून थोडी हवा खेळती ठेवावी. पाण्याच्या मुलाम्याला ओलं फडकं लावलं की वर्ख पुसूनच निघतो, म्हणून मऊ कोरड्या ब्रशखेरीज काही वापरू नये. पारा-कथिलाचा आरसा उभाच आणि मूळ दिशेतच ठेवावा, प्रवासातही आडवा करू नये. त्याची पाठ घासू नये, खालच्या कडेला पाऱ्याचे थेंब दिसले तर ते घरच्या व्हॅक्युम क्लीनरनं ओढू नयेत, आणि लहान मुलांच्या बंदिस्त खोलीत असा आरसा लावू नये.

कागदपत्रांचा शेवटचा भाग भारतीय आहे. आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी ९७०६ हे वेगळं शीर्षक आहे, त्यामुळे पावतीवरचं चुकीचं वय ही कस्टमपुढेही अडचण ठरते. आणि प्राचीन वस्तू व कलासंपदेविषयीच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांची कलावस्तू ही पुरातन वस्तू ठरते, ती भारतात बनलेली असावी अशी अट त्या व्याख्येत नाही, आणि खासगी व्यक्तीला पुरातन वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून घरसामानासह परतणाऱ्या ज्या कुटुंबांना काही वर्षांनी पुन्हा बाहेर जायचं आहे, त्यांनी आरसा जहाजावर चढवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी, आणि फ्रेंच पावती, आयातीचे कागद व पाठीची छायाचित्रं एकाच फाइलीत ठेवावीत.